बुरुडाचा वेळू

महाराष्ट्रांतील घरांत माणसाच्या जन्मापासून अंतापर्यंत वेळू सोबत करितो. ज्या घरीं मुलें जगत नसत, त्या घरीं नवें मूल जन्मतांच त्यास सुपांत घालण्याची चाल खानदेशांत होती; सुपडू हें नांव त्यांतूनच आलें. लग्नांत ऐरणीदानाचा विधि होतो, त्यास वंशपात्रदान असेंहि म्हणतात. वेळूच्या टोपलींत दिवे ठेवून ती टोपली वराकडील वडील मंडळींच्या मस्तकीं लावितात. कोंकणांत गौरीच्या सणाला नवी सून सुपें भरून ओंवसा करिते. चैत्र शुद्ध प्रतिपदेस दारीं उभी राहणारी गुढी वेळूच्या काठीवर चढते. आणि अखेरच्या प्रवासास चौघांच्या खांद्यावरून जी निघते, तिचे दांडेहि वेळूचेच असतात. संस्कृत भाषेनें तर कुळाला आणि वेळूला एकच शब्द दिला आहे. वंश म्हणजे वेळू, आणि वंश म्हणजे पिढ्यांची परंपरा. एका पेरावर दुसरें पेर आणि एका कंदापासून सारें बेट, असा वाढणारा वेळू ज्यानें डोळसपणें पाहिला, त्यालाच हें रूपक सुचलें असलें पाहिजे.

इतक्या प्रसंगीं ज्याच्या हातची वस्तु घरांत येते, त्या बुरुडाचें नांव मात्र इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतें. लढाया व तहनामे मुलांना पाठ असतात; परंतु सूप कोणीं विणलें, त्याचा वेळू कोठून आला, आणि तो आणावयास बुरुडाला कोणाची परवानगी लागे, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः ह्यांतील तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे, आणि त्या इतिहासाच्या मध्यभागीं एक साधा वाद आहे : वेळू हें गवत कीं झाड? शाळेंतल्या मुलानें ह्याचें उत्तर चुकविलें तर त्याचा एक गुण जातो. सरकारच्या कायद्यानें तें चुकविलें, तेव्हां कित्येक कुटुंबांच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोंचली.

वनस्पतिशास्त्राचा निर्णय ह्या बाबतींत निःसंदिग्ध आहे. गहूं, ज्वारी, ऊंस आणि दूर्वा ज्या कुळांतल्या, त्याच कुळांतला वेळू. म्हणजे तो गवतच होय. झाडाचें खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें, वेळूचें तसें नाहीं. पावसाळ्यांत जमिनींतून कोंब निघतो तो ज्या जाडीचा निघतो त्याच जाडीचा राहतो, आणि अवघ्या दोन-तीन महिन्यांत आपली पुरी उंची गांठतो. पुढें तो उंच होत नाहीं, केवळ पक्का होतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षीं तो तोडावयाचा असतो. तोडला तरी बेट मरत नाहीं. जमिनीखालच्या कंदांतून दर पावसाळ्यांत नवे कोंब येतात. पक्के वेळू काढीत आणि कोंवळे राखीत गेलें, तर एक बेट माणसाच्या कर्त्या आयुष्याला पुरतें. सावकारी भाषेंत सांगावयाचें तर झाड तोडणें म्हणजे मुद्दल खाणें, आणि पक्का वेळू तोडणें म्हणजे व्याज उचलणें होय. ज्यानें बेट राखलें तो व्याजावर जगतो. ज्यानें कोंवळे कोंबहि छाटले तो मुद्दलासह बुडतो.

मराठी मुलुखांत वेळूच्या जाती अनेक, आणि त्यांचीं नांवें त्याहूनहि अनेक. सह्याद्रीच्या ओढ्याकांठीं वाढणारा, उंच, जाड आणि कांटेरी तो कळक. त्यासच कांहीं भागांत काटस म्हणतात. विदर्भांतील कोरड्या रानांत होणारा, बारीक पोकळीचा आणि कित्येकदां अगदीं भरीव निघणारा तो मानवेल. कोंकणांत शेताच्या कडेला मुद्दाम लावलेला, सरळ व बिनकांट्याचा तो माणगा. घाटमाथ्यावरचा सडपातळ तो चिवा. शहरांतल्या माणसाला हे सारेच बांबू. पण कारागिराला त्यांचा स्वभाव निरनिराळा दिसतो. शिडीला आणि मांडवाला कळक, काठीला आणि भाल्याच्या दांड्याला मानवेल, आणि विणकामाला लांब पेरांचा, सरळ चिरणारा वेळू, अशी त्याची निवड ठरलेली असते. कोणत्या ऋतूंत तोडावें हेंहि ठरलेलें असतें. ओल्या दिवसांत तोडलेल्या वेळूंत गोडसर सत्त्व अधिक राहतें, आणि त्या गोडीला भुंगा लागून वेळूचें पीठ होतें. म्हणून पावसाळा संपल्यावर तोड करावयाची, आणि तोडलेला वेळू कांहीं दिवस वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावयाचा, म्हणजे तें सत्त्व निघून जातें. ही रीत प्रयोगशाळेंत सिद्ध होण्याच्या कितीतरी आधीं ओढ्याकांठीं सिद्ध झालेली होती.

बुरुडाचीं हत्यारें मोजावयास एका हाताचीं बोटेंहि जास्त होतात. वेळू तोडावयास व फोडावयास कोयता, आणि चिरावयास व तासावयास सुरी, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. सुताराला रंधा, पटाशी, करवत, गिरमिट असा भाता लागतो. लोहाराला भट्टी लागते. बुरुडाचें खरें हत्यार म्हणजे त्याचा अंगठा. कोयत्याच्या एका घावानें वेळूचें तोंड फुटलें कीं पुढची चीर हाताच्या दाबानें चालवावयाची. ती एका बाजूस पळूं लागली तर जाड बाजूकडे किंचित् वांकवून पुन्हां मध्यावर आणावयाची. अशा रीतीनें एका वेळूच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ कामट्या होतात, आणि त्या कामट्यांच्या पुन्हां कागदासारख्या पातळ पट्ट्या निघतात. पाठीकडची हिरवी पट्टी चिवट आणि टिकाऊ. पोटाकडची पांढरी पट्टी मऊ व अल्पायुषी. चांगल्या टोपलींत भार सोसावयाच्या जागीं पाठीची पट्टी असते. बाजारांत घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हा भेद बहुधा दिसत नाहीं, परंतु दोन पावसाळे गेले कीं तो आपोआप कळतो.

ह्या दोन हत्यारांतून निघणाऱ्या वस्तूंची यादी मात्र लांबलचक आहे. तांदूळ धुवावयास रोंवळी, धान्य पाखडावयास सूप, फुलांना परडी, भाकरीला दुरडी, माती वाहावयास पाटी, आंब्याला करंडी, कोंबड्यांना डालगें, धान्य सांठवावयास कणगी, आडोशाला तट्ट्या, तान्ह्याला पाळणा. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या हातांत जी परडी असते तीहि बुरुडाचीच. मराठी भाषेंतहि ह्या वस्तूंनीं घर केलें आहे. जात्यांतले रडतात आणि सुपांतले हंसतात, ही म्हण तत्त्वज्ञानाच्या कोणत्याहि ग्रंथाला शोभावी. उदार मनाच्या माणसाचें काळीज सुपाएवढें असतें, आणि नको असलेल्या अर्जाला अधिकारी केराची टोपली दाखवितो.

ह्यांपैकीं एकट्या सुपाचा विचार केला तरी त्यामागील बुद्धि दिसून येते. त्याच्या तीन बाजू उचललेल्या आणि पुढची बाजू उघडी व पसरट असते. पाखडणारीच्या मनगटाच्या झटक्यासरशी धान्य उडतें. जड दाणा मागें पडतो, हलका कोंडा पुढें येऊन वाऱ्यावर जातो. सुपाचा तळ अगदीं गुळगुळीत असेल तर दाणे घसरतील, आणि फार खडबडीत असेल तर कोंडा अडकेल. विणीचा पोत ह्या दोहोंच्या मधला साधलेला असतो. नवें सूप घरीं आल्यावर मेथीच्या खळींत कागद भिजवून त्यानें तें सारवीत, म्हणजे विणीच्या फटींत बारीक दाणे अडकत नसत. अशा रीतीनें बुरुडाचें अर्धें काम घरांतील स्त्री पुरें करी.

कोंकणांतील इरलें हें दुसरें उदाहरण घ्यावें. भाताची लावणी करतांना माणूस दिवसभर वांकलेला असतो, आणि वर आषाढाचा पाऊस कोसळत असतो. छत्री धरली तर एक हात अडकतो, आणि लावणीला तर दोन्ही हात लागतात. ह्यावर वेळूच्या पट्ट्यांची जाळीदार विण, तींत रानांतलीं पानें दडपून बसविलेलीं, आणि डोक्यापासून कंबरेखालपर्यंत पाठ झांकील असा आकार, अशी तोड काढलेली आहे. तें डोक्यावर टेकतें, पाठीवर पसरतें, आणि दोन्ही हात मोकळे ठेवितें. पानें कुजलीं कीं नवीं घालावयाचीं. खर्च जवळजवळ कांहीं नाहीं, आणि वस्तु जेथें मोडेल तेथेंच मातीला मिळते.

देशावरील शेतकऱ्याची पाभर पाहिली तर हाच प्रकार. वरच्या लांकडी चाड्यांत मुठीनें बीं सोडावयाचें, आणि तेथून निघालेल्या पोकळ वेळूच्या नळ्यांतून तें प्रत्येक फणामागें सारख्या अंतरावर व सारख्या खोलीवर पडावयाचें. निसर्गानें घडविलेली नळी आयती मिळाली, म्हणूनच हें यंत्र खेडेगांवच्या सुताराला साधलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस हॅलकॉट नांवाच्या एका इंग्रज कॅप्टननें दक्षिण हिंदुस्थानांत अशी पाभर चालतांना पाहिली, आणि ओळींत पेरण्याचें यंत्र हा युरोपाचा शोध आहे ही आपली समजूत खोटी ठरल्याचें त्यानें विलायतेस लिहून कळविलें. ज्या पोकळ वेळूनें कृष्णाच्या ओठीं मुरली दिली, त्यानेंच कुणब्याच्या शेतांत बीं पेरलें.

ही विद्या ज्यांच्या हातीं राहिली, त्यांना महाराष्ट्रांत बुरुड आणि कर्नाटकांत मेदार म्हणतात. बाराव्या शतकांत कल्याण येथें बसवेश्वरांच्या भोंवतीं जे शरण जमले, त्यांत मेदार केतय्या हे टोपल्या विणणारे होते. त्यांचीं वचनें कन्नड वाङ्मयांत गणलीं जातात. हातानें केलेलें काम हीच पूजा, हा त्या मंडळींचा उपदेश केतय्यांच्या कोयत्याला विशेष शोभून दिसतो. महाराष्ट्रांत पुण्याची बुरुड आळी अद्याप त्या नांवानें ओळखली जाते. बारा बलुत्यांच्या प्रचलित यादींत बुरुड बहुधा आढळत नाहीं, आणि ह्याचें कारण त्याच्या धंद्यांतच आहे. लोहार-सुतारांप्रमाणें त्याला प्रत्येक गांवीं वर्षभर काम नसे. तो एका ठिकाणीं विणी आणि बाजारोबाजार विकी. पुरुषानें वेळू आणून फोडावा, स्त्रीनें विणावें आणि डोक्यावर चळत घेऊन गांवोगांव फिरावें, असा त्यांचा क्रम. मोबदला पुष्कळदां धान्याच्या रूपानें मिळे. जेवढी टोपली तेवढें धान्य, असा सौदा खेड्यापाड्यांतून चाले. सुपाला लग्नांत मान मिळाला. सूप आणणाऱ्या बाईला मात्र सोप्याच्या आंत बोलावण्याची रीत नव्हती. हा दोष समाजाचा होता, आणि तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

हा धंदा एका गोष्टीवर अवलंबून होता : वेळू हातीं लागला पाहिजे. रान जवळ होतें, तेथें पूर्वीं बुरुड गांवच्या किंवा जमीनदाराच्या परवानगीनें थोडेंबहुत देणें देऊन वेळू आणी. एकोणिसाव्या शतकांत ही घडी बदलली. जहाजांना आणि पुढें आगगाडीच्या स्लीपरांना सागवान लागूं लागलें, तेव्हां इंग्रज सरकारचें लक्ष रानांकडे गेलें. १८५५ सालीं लॉर्ड डलहौसीनें वनांसंबंधीं सरकारचें धोरण लेखी मांडलें. १८६४ सालीं वनखातें निघालें आणि डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन शास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख झाला. १८६५ मध्यें वनांचा पहिला कायदा आला, आणि १८७८ च्या कायद्यानें राखीव, संरक्षित आणि गांवचीं अशी रानांची वर्गवारी केली. राखीव रानांत जें स्पष्टपणें मोकळें केलेलें नाहीं तें सर्व निषिद्ध, असा त्याचा रोंख होता. जो काल वहिवाटीचा हक्क होता, तो आज सवलत झाला. आणि सवलत देणारा ती काढूनहि घेऊं शकतो.

लोकांनीं हें मुकाट्यानें सोसलें असें नाहीं. महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत जंगलखात्यानें गरीब शेतकऱ्यांची कशी कोंडी केली, त्याबद्दल सडकून टीका केली आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्यें बाहेर आला. तथापि कायद्याचा सांगाडा तोच राहिला. १९२७ सालीं जो भारतीय वन अधिनियम झाला, त्याच्या दुसऱ्या कलमांत ‘झाड’ ह्या शब्दाची व्याख्या दिली आहे. झाड ह्या शब्दांत ताड-माडाच्या जाती, बांबू, खुंट, झुडपें आणि वेत ह्यांचा समावेश होतो, असें त्या व्याख्येनें ठरविलें. ह्या एका शब्दामुळें गवत असलेला वेळू लांकडाच्या पंक्तीस जाऊन बसला. स्वतःच्या परसांतला वेळू तोडून दुसऱ्या गांवीं न्यावयाचा तरी वाहतुकीचा परवाना मागण्याची पाळी पुढें अनेक प्रांतांतील शेतकऱ्यांवर आली. ज्याच्या जमिनींत बेट उगवलें, त्यालाहि तें विकावयाची धास्ती वाटे; मग नवें बेट लावणार कोण?

ह्यांतील विलक्षण गोष्ट अशी कीं, त्या काळीं वनाधिकाऱ्यांना स्वतःला वेळूचें मोठेंसें मोल वाटत नव्हतें. सागवानाच्या लागवडींत मध्यें येणारें तण, अशी त्याची गणना होई, आणि तो काढून टाकण्याच्या योजना आंखल्या जात. तण समजून उपटावयाचा, पण बुरुडानें उचलला तर परवाना विचारावयाचा, असा हा न्याय होता. पुढें चित्र पालटलें तें कागदामुळें. वेळूच्या लांब तंतूंपासून चांगला लगदा होतो, हें देहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील प्रयोगांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें. १९२५ सालीं बांबूच्या कागदाच्या धंद्यास संरक्षण देणारा खास कायदा झाला. कालचें तण आज कच्चा माल ठरलें. स्वातंत्र्यानंतर मोठमोठ्या गिरण्या निघाल्या, आणि चांदा जिल्ह्यांतील रानांचा वेळू बल्लारपूरच्या कागदासाठीं जाऊं लागला. शाळेच्या वह्या आणि वर्तमानपत्रें देशाला हवींच होतीं. त्या उद्योगाचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारानें अत्यल्प दरांत वेळू मिळे आणि बुरुडाला तोच वेळू बाजारभावानें घ्यावा लागे, ही विषमता कर्नाटकांत फार ठळकपणें उघड झाली.

तेथील मेदारांनीं वेळू मिळेनासा झाल्याची तक्रार केली, आणि १९७५ च्या सुमारास राज्य सरकारनें पुण्यांत जन्मलेले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांना ह्या प्रश्नाचा अभ्यास करावयास सांगितलें. वेळूच्या ऱ्हासाचें खापर तोंवर बुरुडांवर आणि गुराख्यांवर फोडलें जात असे. कारवार भागांतील रानांत हिंडून गाडगीळांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाहिलें तेव्हां वेगळेंच दिसून आलें. कांटेरी कळकाच्या बुंध्याशीं कांट्यांचें दाट जाळें असतें. तोडीला अडचण नको आणि बेट स्वच्छ राहावें म्हणून गिरणीच्या तोडींत हें जाळें साफ केलें जाई. गांवकऱ्यांचें म्हणणें असें कीं, तें जाळें हीच कोंवळ्या कोंबांची तटबंदी आहे. ती पाडली कीं गुरें, माकडें आणि साळिंदर कोंब खाऊन टाकितात. पाहणीनें गांवकऱ्यांचें म्हणणें खरें ठरविलें. जाळें राखून आंतले मोजकेच वेळू काढण्याची गांवाची जुनी रीत वेळखाऊ होती, पण तिनें बेट जिवंत राहत होतें. ज्यांना अडाणी म्हणून बाजूस सारलें, त्यांच्या हातच्या संवयींत अभ्यासकालाहि शिकण्यासारखें कांहीं होतें.

वेळूच्या आयुष्यांत आणखी एक संकट निसर्गानेंच लिहून ठेविलें आहे. कित्येक जातींचा वेळू अनेक वर्षांनीं एकदांच, आणि साऱ्या मुलुखांत एकाच सुमारास फुलतो, बीं टाकितो आणि मरतो. मिझोरामच्या डोंगरांत असें सुमारें ४८ वर्षांनीं घडतें. तेथें बियांवर उंदीर माजतात आणि मग शेतें खातात. १९५९ च्या सुमारास अशाच फुलोऱ्यानंतर मोठा दुष्काळ पडला, आणि त्यांतील असंतोषाचें पर्यवसान १९६६ च्या बंडांत झालें. आपल्याकडेहि वेळू फुलला कीं वाईट काळ येतो, असें जुनीं माणसें म्हणत. कारागिराच्या दृष्टीनें तर हा काळ कठीणच. जुनीं बेटें एकदम मरतात, आणि बियांपासून नवें बेट कामास येण्यास कैक वर्षें लागतात. अशा वेळीं परसांतला आणि बांधावरचा वेळू हाच आधार. कायद्यानें लोकांना तोच लावण्यापासून परावृत्त केलें होतें.

कायद्याची ही चूक सुधारावयास फार काळ लागला. १९९६ सालीं आदिवासी भागांतील ग्रामसभांविषयींचा जो कायदा झाला, त्यानें गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मान्य केली. पण वेळू गौण वनोपज आहे कीं नाहीं, हा वाद उरलाच. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजाच्या व्याख्येंत वेळूचें नांव स्पष्टपणें घातलें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या लहानशा गोंड गांवानें ह्या शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत लावून घेतला. देवाजी तोफा हे तेथील पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू मित्र. सर्वांच्या संमतीवांचून निर्णय घ्यावयाचा नाहीं, ही गांवाची शिस्त. २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी त्या रानांतला वेळू विकून बाहेर नेण्याचा परवाना कोणीं द्यावयाचा, ह्यावरून पुन्हां अडलें. अखेर २७ एप्रिल १९११ नव्हे, तर त्यानंतर बरोबर एका शतकानें, २७ एप्रिल २०११ रोजीं, केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांनीं गांवांत येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. गांव स्वतः परवाना देऊं लागलें, आणि गडचिरोलींतील इतर ग्रामसभांनाहि वाट सांपडली.

खाजगी जमिनींतील वेळूचा प्रश्न तेवढा राहिला होता. नोव्हेंबर २०१७ मध्यें वटहुकूम निघाला, आणि त्यामागोमाग संसदेनें दुरुस्ती करून १९२७ च्या व्याख्येंतून ‘बांबू’ हा शब्द गाळला. नव्वद वर्षांनीं वेळू कायद्यानेंहि झाड राहिला नाहीं. रानाबाहेर लावलेला वेळू तोडावयास व नेण्यास त्या कायद्याचा अडसर उरला नाहीं. सरकारी रानांतला वेळू मात्र वनखात्याच्या नियमांखालींच आहे. महाराष्ट्रांत बांधावर बेटें लावण्यास आतां उत्तेजन मिळतें, आणि चंद्रपुराजवळ चिचपल्ली येथें वेळूच्या कामाचें शिक्षण देणारें केंद्र चालतें.

येथें कथा सुखान्त झाली असें म्हणतां आलें असतें, तर बरें होतें. पण कायदा बदलावयास जी नव्वद वर्षें गेलीं, तेवढ्यांत बाजारहि बदलून गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पत्र्याचें सूप आलें, मागून प्लास्टिकची टोपली आली. २०१८ सालीं महाराष्ट्रांत प्लास्टिकवर बंदी आली, ती पिशव्या आणि एकदां वापरून टाकण्याच्या वस्तूंवर. टोपली-बादलीला तिनें हात लावला नाहीं. गिरणीतून निवडलेलें धान्य घरीं येऊं लागल्यावर पाखडावयाचें काय? मग सूप उरलें तें गौरीपुरतें आणि लग्नापुरतें. वर्षांतून एकदां लागणाऱ्या वस्तूवर कारागिराचें कुटुंब वर्षभर जगूं शकत नाहीं. बुरुडाचा मुलगा शिकून दुसऱ्या कामास लागला तर त्यास कोणीं दोष द्यावा? बापाच्या बोटांवरच्या चिरा त्यानें लहानपणापासून पाहिलेल्या असतात.

दुसरीकडे वेळूला स्वतःला मात्र नवे दिवस आले आहेत. २०२२ सालीं उघडलेल्या बंगलोरच्या नव्या विमानतळ-इमारतींत छतापासून खांबांपर्यंत वेळूचें काम दिसतें. वेळूच्या फळ्या, वेळूचें फर्निचर, वेळूपासून इंधन, अशा अनेक योजना निघत आहेत. ह्याचें स्वागत केलेंच पाहिजे. परंतु इतिहासानें एक धडा दिलेला आहे. वेळू तण होता तेव्हां बुरुडाला तो चोरावा लागे, आणि वेळू कच्चा माल झाला तेव्हां तो त्याला परवडेना. आतां तो मोठा धंदा होऊं पाहात आहे. तेव्हां ज्यांनीं त्याचा स्वभाव शतकानुशतकें जाणून ठेविला, त्यांना त्यांत मजुराची जागा मिळणार कीं भागीदाराची, हा खरा प्रश्न आहे. मेंढा-लेखाच्या लोकांनीं हा प्रश्न आपल्यापुरता सोडविला, कारण त्यांच्या हातीं रान होतें. गांवोगांव विखुरलेल्या बुरुडाच्या हातीं रानहि नाहीं आणि शेतहि बहुधा नाहीं. त्याच्या हातीं केवळ कसब आहे.

कसब टिकतें तें त्याला मोल देणारा असला तरच. शहरांतील सुशिक्षित घराला ह्यांत करण्यासारखें थोडें आहे, पण तें अगदींच क्षुल्लक नाहीं. लग्नासाठीं ऐरणीची टोपली घेतांना ती पालथी करून पाहावी. भार जेथें पडतो तेथें हिरव्या पाठीची पट्टी आहे कीं पांढऱ्या पोटाची, हें बघावें. पाठीची असेल तर सांगितलेली किंमत घासाघीस न करितां द्यावी. आणि मुलानें विचारलें कीं वेळू हें गवत कीं झाड, तर उत्तर एका शब्दांत देऊन थांबूं नये. हें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत लिहिलें जाण्यास नव्वद वर्षें लागलीं, आणि तेवढ्या काळांत टोपल्या विणणाऱ्या कुटुंबांनीं त्याची किंमत मोजली, हेंहि त्याला सांगावें.